‘तुम्ही कुठले?’ साध्या गप्पांतून प्रांताचा आकस कसा बाहेर पडतो?

एसटीतला प्रवास असो, दवाखान्यातली रांग असो की लग्नातली पंगत. अनोळखी माणूस शेजारी बसला की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच, ‘पाव्हणं, कुठलं गाव?’ पुण्या-मुंबईत हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत येतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ उत्तर ‘बीड’ असलं की पुढचं वाक्य बऱ्याचदा ठरलेलं असतं. ‘बीड? अरे बापरे!’ किंवा ‘तिकडं पाणी आहे का हो आता?’ किंवा ‘वाटत नाही हं तुम्ही बीडचे!’

बोलणारा हसत असतो. शिवी दिलेली नसते, आवाजही चढलेला नसतो. तरीही ऐकणाऱ्याला काहीतरी लागतं. काय लागलं, हे मात्र नेमकं सांगता येत नाही. मग पुढच्या वेळी तोच मुलगा ‘नगरच्या अलीकडचा’ किंवा ‘संभाजीनगर साइडचा’ असं मोघम उत्तर देऊन मोकळा होतो. आपल्या जिल्ह्याचं नाव घ्यायला संकोच वाटणारी अशी पोरं प्रत्येक तालुक्यात सापडतील. हे का होतं, आणि साधी चौकशी कुठं संपून आकस कुठं सुरू होतो, हे समजून घ्यायला हवं.

प्रश्नात खोट नाही

गाव विचारणं ही आपली जुनी रीत आहे. ‘कुठलं गाव’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा दुवा शोधत असतो. ‘शिरूर का? मग आमच्या आत्याला तिकडंच दिलंय.’ ‘माजलगावचे? धरणाच्या कामावर होतो मी तिकडं.’ अशा दोन वाक्यांत परका माणूस ओळखीचा होतो, पिशवीतले शेंगदाणे पुढं येतात, उतरताना ‘या कधी घरी’ होतं. हे बंद व्हावं असं कुणीच म्हणणार नाही.

मग खोट कुठं असते? ती प्रश्नानंतरच्या वाक्यात असते. गाव कळल्यावर समोरचा माणूस आणखी विचारतो, की निकाल देतो, यावर सगळं अवलंबून आहे. ‘बीड का? तालुका कोणता?’ हे विचारणं झालं. ‘बीड का? मग कळलं!’ हा निकाल झाला. पहिल्यात समोरच्याला बोलायला जागा मिळते. दुसऱ्यात ती संपते, कारण बोलणाऱ्याला जे माहीत करून घ्यायचं होतं ते त्याच्या डोक्यात आधीच तयार आहे.

आकसाचे चार नमुने

असं निकालाचं वाक्य सरळ येतंच असं नाही. ते साधारण चार रूपांत येतं.

पहिलं रूप दचकण्याचं. ‘बापरे’, ‘अरे देवा’, ‘जपून राहायला हवं मग’. माणूस अजून काही बोललेला नसतो, पण त्याच्या जिल्ह्याच्या नावावर दचकून झालेलं असतं.

दुसरं रूप कौतुकाचं. ‘तुमच्याकडं पाहून वाटत नाही तुम्ही मराठवाड्यातले.’ ‘तुमची मराठी किती शुद्ध आहे!’ बोलणारा खरंच कौतुक करत असतो. पण त्याचा अर्थ असा की तिकडची बाकीची माणसं नीट नसतात, तुम्ही तेवढे अपवाद. एकाला उचलून बाकी सगळ्यांना खाली ठेवण्याचा हा प्रकार आहे.

तिसरं रूप विनोदाचं. कोकणातला माणूस म्हणजे चिकट, पुणेकर म्हणजे पाट्या आणि दुपारची झोप, नागपूरकर म्हणजे आळशी, कोल्हापूरकर म्हणजे भांडखोर. बरोबरीच्या मित्रांत हे चालून जातं, उलट मजाही येते. पण घरमालक भाडेकरूला, साहेब नव्या पोराला किंवा डॉक्टर पेशंटला हाच विनोद सांगतो, तेव्हा समोरच्याला हसण्यावाचून पर्याय नसतो. उलटून विनोद करायची सोय दोघांनाही सारखी आहे का, ही इथली कसोटी.

चौथं रूप जिन्याचं, एकेक पायरी चढत जाणारं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग ‘आडनाव काय म्हणालात?’, मग ‘म्हणजे तुम्ही...?’ इथं गावाची चौकशी हा जातीपर्यंत पोचायचा रस्ता असतो. जात थेट विचारायची लाज वाटते, म्हणून गावाच्या आडून विचारली जाते. आडनाव सांगितल्यावर बोलण्याचा सूर बदलला, तर प्रश्न कशासाठी होता ते कळून येतं.

जिल्ह्यावर शिक्का कसा पडतो?

एखाद्या भागाबद्दलचं मत बहुतेक वेळा अनुभवातून तयार होत नाही. ते एखाद्या मोठ्या बातमीतून तयार होतं आणि पुढं वर्षानुवर्षं टिकतं.

लातूरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं. त्यानंतर पाऊस पडला, धरणं भरली, टँकर थांबले, पण लातूरकराला ‘तुमच्याकडं अजून रेल्वेनंच येतं का पाणी?’ हा प्रश्न सुटला नाही. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि लातूर ही नावं भूकंपालाच जोडली गेली होती. गडचिरोली म्हटलं की नक्षलवादी, यवतमाळ म्हटलं की शेतकरी आत्महत्या, मेळघाट म्हटलं की कुपोषण, बीड म्हटलं की गुन्हेगारी आणि ऊसतोड. या गोष्टी खोट्या आहेत असं नाही. प्रश्न एवढाच की लाखो लोकांच्या जिल्ह्याला एकच शब्द पुरतो का?

बीडचंच पाहा. बालाघाटच्या डोंगरातल्या इथल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. अंबाजोगाईला पन्नास वर्षांपासून ग्रामीण भागासाठीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. परळीला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पुजलं जाणारं वैद्यनाथाचं मंदिर आहे. ‘बीडला रेल्वेच नाही’ हे वाक्य तर कित्येक वर्षं चेष्टेसाठी वापरलं गेलं. जिल्ह्यातल्या परळीला रेल्वे जुनीच आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात पोचली. रेल्वे यायला तीस वर्षं लागली, हा दोष तिथल्या माणसाचा कसा होईल?

न पाहिलेल्या माणसांबद्दलही ठाम मत कसं तयार होतं, यावर १९३३ मध्ये अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली या अभ्यासकांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या १०० विद्यार्थ्यांना निरनिराळ्या देशांच्या आणि वंशांच्या लोकांचे गुण-दोष यादीतून निवडायला सांगितले. तुर्की लोकांशी या विद्यार्थ्यांचा संबंध आलेला नव्हता म्हटलं तरी चालेल. तरीही तुर्की माणूस क्रूर असतो, यावर त्यांच्यात बरंच एकमत दिसलं. म्हणजे मत भेटीतून आलं नव्हतं, ते ऐकीव होतं. बीडला कधीही न आलेला माणूस बीडबद्दल खात्रीनं बोलतो, तेव्हा हेच घडत असतं.

बोलीवरून माणूस जोखला जातो

कित्येकदा गाव सांगायचीही गरज पडत नाही. ‘लई’, ‘करायलो’, ‘जाऊ लालो’ असा एखादा शब्द तोंडातून निघाला की समोरच्याला जिल्हा कळतो. वऱ्हाडातला ‘काऊन’, मालवणातला ‘खंय’ असाच ओळखू येतो. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं की भुवया उंचावतात.

माणूस तोच असला तरी बोली बदलली की त्याची किंमत बदलते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरात वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांना एकच उतारा एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचायला लावला. ऐकणाऱ्यांना वाटलं की हे वेगवेगळे लोक आहेत. इंग्रजीत बोलणारा त्यांना जास्त हुशार, जास्त भरवशाचा वाटला. विशेष म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी गुण दिले. खालचा ठरवला गेलेला माणूस स्वतःलाही खालचा समजू लागतो, ते असं. गावाकडून आलेला फोन मित्रांसमोर न उचलणारी, किंवा आईशी दबक्या आवाजात बोलणारी पोरं आठवली की हे लगेच समजतं.

दुसरा प्रयोग खोली शोधणाऱ्यांना जवळचा वाटेल. जॉन बॉ या भाषाशास्त्रज्ञानं अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या घरमालकांना तीन वेगवेगळ्या ढंगांत फोन केले. माणूस एकच आणि विचारणाही एकच, ‘घर भाड्यानं द्यायचंय का?’ गोऱ्या वस्तीच्या भागात गोऱ्या माणसाच्या ढंगात बोलल्यावर घर पाहायला बोलावणं सहज मिळालं. कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन वळणाच्या बोलीत बोलल्यावर ते कमी झालं. सहकाऱ्यांसोबतचा हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या ‘हॅलो’ एवढ्या शब्दावरूनही ऐकणारे बोलणाऱ्याची जमात बऱ्याच अंशी ओळखतात, असंही त्यात दिसलं. कुणी कुणाला शिवी दिली नव्हती. खोली तेवढी मिळाली नव्हती.

‘शुद्ध’ मराठी आली कुठून?

प्रमाण मराठी ही गरजेची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकं, कायदे, बातम्या सगळ्यांना कळाव्यात म्हणून एक समान रूप लागतंच. पण ते रूप पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाच्या बोलीवर बेतलं गेलं, याला इतिहास आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या काळात छापखाने, कोश आणि शाळेची पुस्तकं आधी आली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथं कारभाराची भाषा आधी फारसी आणि पुढं उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दूच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ मध्ये. मुंबईनंतर तब्बल १०१ वर्षांनी.

याच मराठवाड्यात आणि विदर्भात मराठीचा पाया घातला गेला, ही गोष्ट मात्र गप्पांत कुणाला आठवत नाही. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तेराव्या शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला आकाराला आला. ‘विवेकसिंधू’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. एकनाथ पैठणचे. नामदेवांचं नाव हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी जोडलेलं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या बोलीतली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि पुढं शाळेत शिकवली जाऊ लागली. म्हणजे वर्गात ज्या बोलीची कविता पाठ करायची, त्याच बोलीत मुलगा बोलला की त्याला हसायचं, असा हा न्याय.

‘तुमची मराठी हिंदी-उर्दूमिश्रित आहे’ हाही नेहमीचा शेरा. पण तो मारणारा माणूस दिवसभर ‘अर्ज’, ‘तारीख’, ‘वकील’, ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘सरकार’ हे शब्द वापरतो. हे सगळे अरबी-फारसीतूनच आलेले आहेत. ‘पाणी’ आणि ‘पानी’ हे दोन्ही संस्कृतातल्या ‘पानीय’ या एकाच शब्दाचे वंशज. ‘न’चा ‘ण’ झाला तो मराठी-गुजरातीत, हिंदीत ‘न’ राहिला. यात उच्च-नीच असं काही नाही. कुणाचा उच्चार पुस्तकात गेला, एवढाच फरक आहे.

‘घाटी’ हा शब्दही असाच. मूळ अर्थ घाटावरचा, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडं राहणारा. मुंबईत तो हिणवायला वापरला जाऊ लागला. मराठवाड्यात मात्र ‘घाटी’ म्हटलं की संभाजीनगरचा सरकारी दवाखाना आठवतो आणि राग कुणालाच येत नाही. शब्दापेक्षा तो कोण, कुणाला आणि कशासाठी म्हणतो, याला महत्त्व आहे.

मागास भाग की मागास माणूस?

‘तुमच्याकडचे लोक मेहनतच करत नाहीत, म्हणून मागे राहिलात,’ हे वाक्य शिकलेल्या लोकांकडूनही ऐकू येतं. सरकारी कागदपत्रं काही वेगळंच सांगतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला विकासात, शिक्षणात, नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचं ठरलं होतं. त्यासाठी संविधानात कलम ३७१ (२) ची तरतूद झाली. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतला अनुशेष मोजून दाखवला. तो एकूण ३,१८६ कोटी रुपयांहून जास्त भरला आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याचा वाटा मोठा होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

म्हणजे कुठं कालवा पोचला, कुठं रस्ता झाला, कुठं कॉलेज निघालं, हे निर्णयावर ठरलं. गप्पांत मात्र हे सगळं गळून जातं आणि कालव्याचा अभाव माणसाचा स्वभाव म्हणून सांगितला जातो.

गप्पांनी भागत नाही, पुढं निर्णय होतात

‘बोलण्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?’ असं म्हणणारे खूप भेटतात. नुसतं बोलणं असतं तर सोडूनही दिलं असतं. पण बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. घरमालकाच्या हातात खोलीची किल्ली असते. ‘कुठला रे तू?’ ‘काकू, बीडचा.’ ‘बरं, सांगते संध्याकाळी.’ ती संध्याकाळ येत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात नोकरी असते. सोयरिकीला आलेल्या माणसाच्या तोंडी ‘तिकडं मुलगी द्यायची नाही’ हे वाक्य असतं. खोली न मिळालेल्या पोराला कारण कधीच सांगितलं जात नाही, त्यामुळं दाद मागायलाही जागा राहत नाही.

कायद्यात काय आहे? संविधानाच्या कलम १५ नुसार राज्याला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून नागरिकांत भेदभाव करता येत नाही. दुकानं, हॉटेलं अशा सार्वजनिक ठिकाणी कुणाला या कारणांवरून अडवता येत नाही. कलम १६ सरकारी नोकरीच्या बाबतीत हेच सांगतं. कलम १९ प्रत्येकाला देशात कुठंही राहण्याचा हक्क देतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये जन्मस्थान, निवास, भाषा अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवणं हा गुन्हा आहे. जन्मस्थान किंवा भाषेच्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम १०३ (२) मध्ये जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. पण खासगी घरमालकानं ‘अमुक जिल्ह्याच्या मुलांना खोली नाही’ असं मनात ठरवलं, तर त्याला पकडणं कायद्यालाही अवघड आहे. टोमणा मारणं हा तर गुन्हाच नाही. म्हणून हा विषय शेवटी माणसांनी आपसात सोडवायचा उरतो.

टोमण्यापासून मारहाणीपर्यंतचं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांची आणि दिसण्याची दुकानात टिंगल झाली. तिथून भांडण झालं, मारहाण झाली आणि तो दगावला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. महाराष्ट्रातही ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई परिसरात मारहाण झाली होती. परीक्षा द्यायला आलेला मुलगा कोण आहे, काय शिकलाय, हे कुणी विचारलं नव्हतं. कुठला आहे, एवढंच पाहिलं होतं.

आपलं तोंडही तपासायला हवं

पुण्यात ‘बीडचा का?’ ऐकून दुखावलेला माणूस गावी येतो आणि स्लॅबच्या कामावरच्या मजुराला ‘ए भैय्या’ म्हणून हाक मारतो. तो बिहारचा की झारखंडचा, त्याचं नाव काय, हे काम संपेपर्यंत विचारलं जात नाही. परप्रांतीय म्हणून त्याला वेगळा दर, वेगळा कप आणि चोरी झाली की पहिला संशय. दुखावलेल्यालाच दुसऱ्याला दुखावताना ते कळू नये, यात नवल नाही. पण ते खरं आहे.

जिल्ह्याच्या आतही हेच चालतं. गोदाकाठचा माणूस पाटोदा, शिरूर, आष्टीकडच्याला ‘डोंगरपट्ट्यातला’ म्हणतो, तेव्हा त्यात नुसता भूगोल नसतो. जायकवाडीचं पाणी मिळालेल्या रानाचा तोरा त्यात असतो.

सगळ्यात जास्त हे सोसतात ऊसतोड मजूर. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळा लागता परत येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हिशेबात माणूस नसतो, कोयता असतो. फडाशेजारच्या गावात किराणा घ्यायला गेलेल्या बाईला ‘टोळीवाली’ म्हणून ओळखलं जातं, तिच्या पोरांना शाळेत ‘कोपीवरची’ म्हणतात. ज्या गावाचा कारखाना तिच्या कोयत्यावर चालतो, त्या गावात सहा महिने राहूनही तिचं नाव किती जणांना माहीत असतं? आणि तीच बाई गावी परतल्यावर आपल्याच गावातले बिनउसाचे लोक तिला कसं बोलावतात, हेही ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

मग करायचं काय?

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की नुसती गाठ पडल्यानं आकस कमी होत नाही. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी सारखा असावा, काम सामायिक असावं, ते मिळून करावं लागावं आणि वरच्यांचाही त्याला पाठिंबा असावा. आपल्याकडं याची उदाहरणं कमी नाहीत. वारीच्या दिंडीत विदर्भातला आणि कोकणातला माणूस एका पंगतीत जेवतो. होस्टेलच्या मेसमध्ये, भरतीच्या मैदानावर, कबड्डीच्या संघात जिल्हा लवकर विसरला जातो. घरमालक-भाडेकरू किंवा मुकादम-मजूर या नात्यात तो विसरला जात नाही, कारण तिथं दर्जा सारखा नसतो.

टोमणा ऐकणाऱ्यानं काय करावं? जिल्ह्याची बाजू मांडत बसलं की दमायला होतं आणि समोरचा ऐकतही नाही. त्यापेक्षा शांतपणे उलट विचारावं, ‘असं का वाटलं तुम्हाला? कधी आला होता का तिकडं?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं आणि ते देताना माणूस स्वतःच थबकतो. कौतुकाचा टोमणा आला तर ‘आमच्याकडं सगळे असंच बोलतात’ एवढं म्हणणंही पुरतं. आणि जिल्ह्याचं नाव लपवू नये. एकानं लपवलं की पुढच्याला ते सांगणं आणखी जड जातं.

विचारणाऱ्यानं काय करावं? गाव विचारल्यावर दुसराही प्रश्नच विचारावा, निकाल देऊ नये. ‘काय करता तिकडं?’, ‘पाऊसपाणी कसं आहे?’, ‘घरी कोण कोण असतं?’ आडनावावर थांबण्याची घाई करू नये. बातमीत वाचलेली गोष्ट समोरच्या माणसाला जाब विचारल्यासारखी विचारू नये, ती त्यानं केलेली नसते.

खोली देणाऱ्यानं आधार, कॉलेजचं ओळखपत्र, पालकांचा नंबर जरूर घ्यावा, पोलिसांकडं नोंदही करावी. पण ती सगळ्या भाडेकरूंची सारखीच करावी. एका जिल्ह्याच्या पोराला चार कागद आणि दुसऱ्याला ‘राहा रे बाबा’, असं नको. शाळेत मास्तरांनी बोलीला हसणाऱ्या वर्गाला गप्प करावं आणि त्याच शब्दाला प्रमाण मराठीत काय म्हणतात तेही सांगावं. पोराला दोन्ही यायला हवं, एकाची लाज वाटायला नको.

आणि गावात कामाला आलेल्या परक्या माणसाला पहिल्याच दिवशी नाव विचारावं. तो बिहारचा निघो की बुलढाण्याचा, ‘भैय्या’ आणि ‘टोळीवाला’ या दोन शब्दांच्या जागी त्याचं नाव आलं, तर पुण्यात आपल्या पोराला ‘बीडचा’ म्हणणाऱ्याला नाव ठेवायचा हक्क आपल्याला राहील.